चौथ्या बोल्टावरची रेघ

अप्पा, अणदूरची ती जीप परत आली. हिरवी होती, आता ती कुठल्याच रंगाची राहिलेली नाही. एका बाजूचा दरवाजा तारेनं बांधलेला आणि मागच्या सीटमध्ये कोंबड्यांनी संसार मांडलेला. ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. जीपवाल्या काकांचा मुलगा उतरला, माझ्याच वयाचा, पन्नाशी ओलांडलेला, आणि म्हणाला, "अक्का, एवढी चालू करून द्या. दादांची आठवण हाय, भंगारात घालवत न्हाय." मी बॉनेट उचललं आणि आधी कुठं बघितलं असेल हे तुम्हाला सांगायला नको. तरी सांगणार आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि तुम्ही होता तेव्हाही मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. एका छपराखाली दिवसभर तोंडं बघणाऱ्या माणसांनी एकमेकांना पत्रं लिहायची असतात हे आपल्या घरात कुणाला सुचलंच नाही.

शेड अजून जळकोटलाच आहे. हायवे रुंद झाला तेव्हा तीस पावलं मागं सरकली, पत्रे नवे आले, तुमचा कडुलिंब मात्र रस्त्यात गेला. मी अजून ट्रॅक्टर, जीप, टेम्पो जे येईल ते खोलते. पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक अजूनही विचारतं, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी हात पुसत उभी राहते, मग त्याला कळतं. आमचे हे गेल्या वर्षी शाळेतून रिटायर झाले. आता दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये येतात, खिशाला हिरवं पेन लावून. पेन म्हणजे खुणेचं. आता बाजारात तयार मिळतात, डिझेलनं जात नाहीत, उन्हानं उडत नाहीत. तुमच्या वेळचा पोळ्याचा रंग आणि खराट्याची काडी यांना आठवते, पण पेनातही त्यांना समाधान नाही. म्हणतात, "पेपर तपासायला लाल बरं होतं." मी म्हणते, लाल माझं होतं, ते कुणाला मिळायचं नाही.

तुमचा नियम मी यांना लग्नानंतर आठ दिवसांत शिकवला होता, तेव्हा हे हसले होते. आता तोच नियम मला ऐकवतात. ज्यानं आवळलं त्यानं खूण करायची नाही. सोलापूरच्या उस्तादांकडून तुम्ही तो आणला होता. बोल्ट आवळून झाला की दुसऱ्या माणसानं त्याला पुन्हा पाना लावायचा, अंगातला जोर घालून बघायचा, आणि हलला नाही तरच रंगाची एक रेघ ओढायची, अर्धी बोल्टाच्या डोक्यावर आणि अर्धी खालच्या लोखंडावर. पुढं कधी बोल्ट फिरला तर रेघ तुटते, आणि आंधळ्यालाही कळतं. तुम्ही म्हणायचा, "आपल्या हातचं आपल्याला घट्टच वाटतं. आपल्या हातची भाकरी कुणाला कच्ची लागती का?" आणि दुसरं माणूस म्हणजे सुरुवातीला आमची आईच होती. चुलत्यांच्या बैलांच्या शिंगांना लावून उरलेला पिवळा रंग तिचा. तुम्ही शेडमधून हाक मारायचा आणि ती भाकरी तव्यावर उलटून, पिठाच्या हातांनीच यायची. पाना लावायची, पदर खोचून ढकलायची, रेघ ओढायची आणि दुसरी बाजू भाजायच्या आत चुलीपाशी परत. एकदा ती म्हणाली होती, "अहो, ह्यो हलतोय की." तुम्ही म्हणालात, "व्हय? सरक." आणि आवळलात. बस्स, एवढंच. तेव्हा ते मला किती साधं वाटलं होतं, आणि पुढं माझी वेळ आली तेव्हा मला तेवढं जमलं नाही.

आईचे गुडघे धरले तसं पाना आणि काडी माझ्याकडं आली. मी विसाची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातून घरी बसलेली, लग्नाची. पोरीला मिस्त्रीकाम लावलं म्हणून भावकीनं तुम्हाला बोल लावले, आणि तुम्ही म्हणालात, "ती काम करत न्हाय, माझं काम तपासती. मोठी हाय माझ्यापेक्षा." पुन्हा कुणी विचारलं नाही. माझा रंग लाल ठरला. त्याच वर्षी तुमचं कोपर दुखायला लागलं होतं. रात्री आई ओव्याची पुरचुंडी शेकायची आणि तुम्ही गुपचूप हात पुढं करायचा. गावात मात्र कुणकुण लागली होतीच. नळदुर्गात नवा गॅरेजवाला आला होता, आणि दोन-चार गिऱ्हाइकं 'मिस्त्रीचा हात आता पयल्यासारखा न्हाय' म्हणत तिकडं वळली होती. तुम्ही ते ऐकलं होतं आणि न ऐकल्यासारखं केलं होतं. आल्या-गेल्याला मात्र जरा जास्तच सांगायला लागला होता, "माझ्या हातचा बोल्ट आजवर ढिला निघाला न्हाय." आई आत भांडी घासता घासता हसायची.

मग तो दिवस. अणदूरच्या काकांच्या जीपचं इंजिन आपण उतरवून पुन्हा बसवलंय. इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनचे चार बोल्ट तेवढे राहिलेत. काका गावात बारशाला आलेल्या बायकांना घेऊन परत अणदूरला जाणार आहेत, आणि धाराशिवहून मला बघायला पाहुणे यायचेत, ते तासभर लवकर येतात. तुम्ही आवळताय, तोवर आई दारातून ओरडते, "अहो, हात धुवा! पाव्हणं फाट्यावर उतरल्यात!" तुम्ही पाना खाली ठेवून नळाकडं जाता. मी पाना उचलते. पहिल्याला लावते, घट्ट, रेघ. दुसऱ्याला, घट्ट, रेघ. तिसऱ्याला तसंच. चौथा तो मागचा, स्टिअरिंगच्या आडचा, ज्याला खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. आई पुन्हा ओरडते की साडी कधी नेसणार हाईस. मी काडी घेते, हात आत घालते आणि रेघ ओढते. पाना न लावता. मला अजून आठवतं की रेघ चारही रेघांत सगळ्यात सुबक आली होती.

काकांनी जीप चालू केली, बायका-पोरं बसली, गेली. मी आईची हिरवी इरकल नेसून चहा आणि चुरमुऱ्यांचा सुशीला घेऊन पाहुण्यांपुढं बसले. यांनी त्या दिवशी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही, सगळं लक्ष बशीतल्या शेंगदाण्यांत. माझ्या सासूबाईंनी मात्र बारीक बघितलं आणि विचारलं, "बोटाला काय लागलंय गं? नखाचा रंग सांडला व्हय?" मी बोटाकडं बघितलं. लाल रंग. आणि त्या रंगाकडं बघता बघता मला चार बोल्ट दिसले आणि पाना तीनच वेळा लावलेला दिसला. नळदुर्गच्या अलीकडचा उतार, जीपमध्ये काकांची म्हातारी आई, मांडीवरची पोरं. इंजिन एका बाजूनं सुटलं तर काय काय होतं ते तुम्हीच मला शिकवलं होतं. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अप्पा, चौथ्याला मी पाना लावला न्हाय. नुसती रेघ मारली."

आईच्या हातातून कप पडायचा राहिला. तुम्ही क्षणभर माझ्याकडं बघितलंत, मग टोपी उचललीत. "पाव्हणं, सुशीला घ्या पोटभर. आमी आलोच," एवढं म्हणून स्कूटरला किक. मी इरकलीचा ओचा आवरून मागं बसले. त्या बारा किलोमीटरमध्ये मी रस्त्याच्या कडेला प्रत्येक झाडाखाली पालथी पडलेली जीप शोधत होते. मनात येईल ते देवाला कबूल करून झालं. जीप उताराच्या अलीकडं चहाच्या टपरीपाशी उभी होती. पोरं कणीस खात होती. काका बशीत चहा ओतत होते. मला रडूच फुटलं, पण मी ते पदरात पुसलं.

"काय झालं मिस्त्री? काय राहिलं का?" काकांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "काय न्हाय, पोरीला एक बोल्ट पुन्हा बघायचाय." आणि मला पाना दिलात. "खूण तुझी हाय. तूच लाव." टपरीवाल्यानं पोतं दिलं, ते टाकून मी इरकलीनिशी खाली आडवी झाले. हात वर घातला, पाना बसवला, जोर दिला.

अप्पा, तो फिरला.

चांगला पाव चक्कर फिरला. तुम्ही तो हातानं बसवला होता आणि आवळायच्या आत आईची हाक आली होती. मी पुन्हा जोर लावला, हलेनासा होईपर्यंत. रेघ तुटली. बोल्टावरचा अर्धा तुकडा एकीकडं, खालचा अर्धा दुसरीकडं. वरून काकांचा आवाज येत होता, "मिस्त्री, तुमच्या हाताचं काय बघायचं? तुमच्या हातचा बोल्ट ढिला असतोय का कुठं?" आणि तुमचा आवाज, "तसं न्हाय, बघितलेलं बरं." मी तिथं पडल्या पडल्या बोटावर ग्रीस घेतलं आणि तुटलेल्या रेघेवर फासलं. बाहेर आले आणि म्हणाले, "घट्टच होता." काकांनी हात जोडले. "छलो आतु," कानडीत म्हणाले, म्हणजे बरं झालं, आणि आम्हालाही चहा सांगितला. तुम्ही वाकून आत बघितलंत. चष्मा खिशातच होता. "हं," म्हणालात आणि सरळ झालात.

येताना स्कूटरवर तुम्ही बोललात. पुढं तोंड करूनच, वाऱ्यात, म्हणून मला अर्धं ऐकू आलं. पण जे आलं ते अजून गेलेलं नाही. "बोल्ट घट्ट व्हता, बरं झालं. पर तुला ते ठाऊक न्हवतं. ठाऊक नसताना रेघ मारली म्हंजे खोटी साक्ष दिलीस. त्या रेघंवर इसवास ठिवून पोरंबाळं बसत्यात." मी मागं बसून रडले, पहिल्या खोट्यासाठी तुम्ही बोलत होता आणि दुसरं माझ्या तोंडात तसंच होतं. सांगावंसं वाटत होतं. पण मग वाटलं, गिऱ्हाइकं तुटतायत, कोपर दुखतंय, त्यात आता पोटची पोर म्हणणार की अप्पा, तुमचा ढिला होता. जीभ उचलेना.

घरी आलो तर पाहुणे होतेच. आईनं दुसऱ्यांदा सुशीला करून घातला होता. माझ्या साडीला हातभर ग्रीस. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "बोल्ट घट्टच निघाला." सासूबाई यांच्याकडं वळून म्हणाल्या, "पोरगी काळी-सावळी असू दे. खोटं बोलायची न्हाय, येवढं डोळ्यांनी बघितलं." झालं, लग्न ठरलं. एका खोट्याच्या जोरावर मी खरं बोलणारी म्हणून त्या घरात गेले आणि तीस वर्षं त्याच भांडवलावर खाल्लं. सासूबाई शेवटपर्यंत आल्या-गेल्याला ही गोष्ट सांगत राहिल्या. आता हे सांगतात, मीठमसाला लावून: सासऱ्यांच्या हातचा बोल्ट, उतार, इरकल साडी, आणि शेवटी 'घट्टच होता!' लोक टाळ्या देतात. तुमच्या समोर ही गोष्ट निघाली की तुम्ही तंबाखूची पिशवी शोधायला लागायचा. म्हणायचा, "असू द्या, असू द्या." मला तो तुमचा विनय वाटायचा.

त्यानंतर महिन्याभरात तुम्ही एकदा सकाळी तुमचा पाना माझ्या हातात दिलात. "आजपासनं तू आवळ. खूण म्या करतो." मी गावभर सांगत सुटले की अप्पांनी मला मिस्त्री केलं. तुम्ही चुलत्यांकडून निळ्या रंगाचा डबा आणलात, कारण लाल माझा आणि पिवळा आईचा. तुमची रेघ लांब यायची, जरा थरथरती, आणि खालच्या लोखंडापासून सुरू होऊन बोल्टावर चढायची. आम्ही उलट ओढायचो. चष्मा लावून, पाना लावून, प्रत्येक बोल्ट. माझा एखादा हलला की म्हणायचा, "पोरी, ह्यो फिरतोय," बास. ना राग, ना टोमणा. यांची बदली जळकोटला झाली म्हणून लग्नानंतरही मी शेडमध्येच राहिले आणि तुम्ही असेपर्यंत माझ्या प्रत्येक कामावर निळी रेघ पडली.

गेल्या महिन्यात माझाही एक ढिला राहिला. हल्ली माझ्या मनगटाला कळ लागते. एका ट्रॅक्टरवर हे पाना घेऊन वाकले, पुन्हा सरळ झाले आणि ट्रॅक्टरमालकासमोर, वर्गात म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "बाई, हा फिरतोय." मी कान तांबडे करून उभी. ट्रॅक्टरमालक हसला, म्हणाला, "दोघं बघताय म्हणूनच हितं येतोय आमी." मी आवळला, यांनी हिरवी रेघ ओढली, चहा झाला. मला दिवसभर आतून हलकं वाटत राहिलं, आणि त्या हलकेपणात तुमची आठवण खुपायला लागली. तुम्ही हा नियम माझ्यासाठी केला नव्हता, तुमच्या हातासाठी केला होता. आणि ज्या एका दिवशी तो उपयोगी पडला त्या दिवशी मी तुम्हाला तो वापरू दिला नाही. गिऱ्हाइकासमोर नसतं सांगितलं, स्कूटरवर तरी सांगायला हवं होतं. तुम्ही 'व्हय? सरक' एवढंच म्हणाला असता. मी तुम्हाला आईइतकं ओळखलं नाही, याचं वाईट वाटत होतं.

आणि मग ही जीप आली. तुमच्या शेवटच्या वर्षांत ती आपल्याकडं येत नव्हती, आठवतं ना? त्या बारशानंतर वर्षभरात काकांनी ती मुलीला आळंदला देऊन टाकली होती. तिथंच चालली, मग दहाएक वर्षं गोठ्यात उभी राहिली, आता परत अणदूरला. मी आडवी झाले, आता गुडघ्याखाली उशी घेऊन, आणि चौथ्या बोल्टापाशी हात घातला. बोटभर राप. डिझेलचा ब्रश मारला, कापडानं पुसलं, पुन्हा ब्रश. खालून लाल दिसलं. माझी रेघ. तुटकी, दोन तुकडे दोन दिशांना, तशीच. आणि तिच्या शेजारी एक निळी. लांब, जराशी थरथरती, खालच्या लोखंडापासून सुरू होऊन बोल्टावर चढलेली. अखंड.

मी तिथंच पडून राहिले. हे विचारत होते, "काय झालं, उठता येईना का?" त्या वर्षात कधीतरी जीप शेडला आली असणार आणि मी नसणार, लग्नाच्या साड्यांना सोलापूरला गेले असेन. तुम्ही चष्मा लावला असणार. माझं ग्रीस पुसलं असणार. तुटकी रेघ बघितल्यावर तुम्हाला सांगायला कुणी नको होतं: खूण झाल्यावर बोल्ट फिरलाय, म्हणजे खूण केली तेव्हा तो ढिला होता. किंवा टपरीपाशीच, चष्म्याशिवाय, कळलं असेल. नाहीतर महिन्याभरात पाना माझ्या हाती का आला असता? मी ज्याला बढती समजत होते ती तुमची कबुली होती. आणि तुम्ही पाना लावून, घट्ट आहे बघून, तुमची रेघ ओढलीत आणि माझी राहू दिलीत. डिझेलच्या एका फडक्यात लाल निघून गेलं असतं. तुम्ही पुसलं नाही. तेरी भी चुप, मेरी भी चुप, असं आपण बाप-लेक इतकी वर्षं एका शेडमध्ये एकमेकांचं राखत बसलो होतो! मला हसू आलं अप्पा, तेलात पडल्या पडल्या. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बाकीचे तीन मी काढून नवे घातले, त्यांच्याखालचं इंजिनाचं रबर गेलेलं होतं. चौथ्याचं रबर शाबूत होतं. त्याला पाना लावला, अंगातला सगळा जोर घातला. हलला नाही. मग हे तपासायला वाकले, तिघांवर हिरव्या रेघा ओढल्या आणि चौथ्याला पाना लावून बघून म्हणाले, "इथं आधीच दोन आहेत. माझी कुठं ओढू?" मी म्हटलं, राहू द्या, झालंय त्याचं. यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मास्तरच ते. "ही तीच जीप ना? हाच तो बोल्ट?" मी म्हटलं, हो. "मग ही लाल रेघ अशी तुटलेली का?"

मी तुम्हाला सगळं खरं लिहिलंय, आणि हे पत्र निळ्या रंगाच्या त्या वाळलेल्या डब्यात घालून वर फळीवर ठेवणार आहे, जिथं यांचा हात पोचत नाही. कारण तुम्हाला शेवटचं सांगायचं राहिलंय ते हे, की मी हात पुसले, यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "जुना रंग आहे, उडाला असेल. अप्पांचा बोल्ट घट्टच होता."